मदत हवी आहे: फ्रान्सच्या आर्देश भागातली 'दोल्चे व्हिया' ही सायकलवाट बाबांसोबत

नमस्कार मंडळी,

आम्ही लिऑंला राहतो. सप्टेंबरमध्ये नाशिकहून बाबा येताहेत आणि त्यांना सायकलवर फ्रान्स दाखवायची माझी फार इच्छा आहे. त्यांचं वय ६६. पाय दणकट आहेत, पण गाड्यांच्या गर्दीत सायकल चालवायची त्यांना मुळीच सवय नाही. म्हणून एर्यो नदीच्या खोऱ्यातली दोल्चे व्हिया नक्की केली. १९६८ साली बंद झालेल्या मीटरगेज रेल्वेच्या जागेवर हा मार्ग केलाय. दाबून बसवलेली बारीक खडी, जुने पूल, बोगदे, आणि रेल्वेचाच मार्ग असल्याने चढ अंगावर येत नाही. ऱ्होन नदीकाठच्या ला वुल्तहून लं शेलार, तिथून एक फाटा सँताग्रेव्हला, दुसरा लामास्त्रला.

सँताग्रेव्ह हजारेक मीटर उंचीवर आहे. तिथून खाली उतरत यावं असं मला वाटतं, बाबांना दम लागणार नाही. पण दोन सायकली वर नेणारी टॅक्सी किंवा बस कुणी वापरली आहे का? आधी किती दिवस सांगावं लागतं?

दुसरं, पाऊस पडून गेल्यावर खडी कितपत घसरते? बाबांसाठी ३८ मिमी टायरची सायकल भाड्याने मिळतेय. पुरेल, की ४५ची शोधू?

बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. वाटेतल्या गावांत रात्रीचं जेवण मिळतं, की स्वयंपाकघर असलेलीच खोली बघू? कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर जरूर सांगा, फोनवर बोलायलाही आवडेल.