हुसेन यांच्या घोड्यांना खुरे का नाहीत?

रामबागकर: गेल्या रविवारी इथे इंदूरमध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या घोड्यांच्या सेरिग्राफांचे (जाळीच्या पडद्यातून छापलेल्या चित्रांचे) प्रदर्शन सहकुटुंब पाहिले. खुरे नाहीत, गुडघे भलतीकडेच वळलेले, आणि लोक मात्र देवासमोर उभे राहावे तसे उभे. ज्याला शरीररचना साधत नाही तो वेगाचे नाव पुढे करतो, असे माझे मत आहे.

जुनी इंदूरकर: हे वाचून राहवले नाही. हुसेन याच शहरात वाढले, मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल, म्हणजे सजवलेला घोडा, त्यांनी लहानपणी पाहिला आणि १९५२ साली चीनमध्ये तांग राजवटीच्या काळातले मातीचे घोडे पाहिले. त्यांना पाय काढता येत नव्हते असे कसे म्हणता? माझ्या लहानपणी कृष्णपुरा पुलाच्या उतारावर टांग्याचा घोडा घसरून पडला होता. साज सोडवेपर्यंत त्याची मान मागे वळलेली आणि नाकपुड्या फुललेल्या होत्या. मला आजही ती मान आठवते, खुरे आठवत नाहीत.

रामबागकर: आठवण म्हणजे पुरावा नव्हे. माझे आजोबा होळकरांच्या पागेत होते. घोडा पारखताना ते आधी खूर उचलून पाहत. मान सगळेच पाहतात.

लोकमान्यनगर: मला वेगळीच गोष्ट बोचली. चित्रकार बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी आणि चिंचाळकर गुरुजी ज्यांच्याकडे शिकले, त्या देवळालीकर मास्तरांचे नाव परिचयफलकावर कुठेही नव्हते. १९२७ साली इथे चित्रशाळा उभी करणारा माणूस इंदूरनेच विसरावा, याची लाज वाटते.

रामबागकर: विषय घोड्यांचा आहे. प्रत्येक धाग्यात हेच गाऱ्हाणे कशाला?

लोकमान्यनगर: कारण प्रत्येक प्रदर्शनात हीच चूक होते! आपण पागेचा वारसा सांगता, मग चित्रशाळेचा सांगितला तर राग का यावा?

जुनी इंदूरकर: ही तक्रार विषयाला सोडून नाही. त्याच शाळेतल्या चिंचाळकर गुरुजींना वाळक्या काटकीत प्राणी दिसत. त्या काटकीला तरी गुडघे कुठे होते? पाहायला शिकवणारा गुरू फलकावरून गेला, की बघणाऱ्याच्या हाती मोजपट्टीच उरते.

रामबागकर: मोजपट्टी हा शब्द मला लागला. तरीही फलकावर देवळालीकरांचे नाव हवे होते, हे मान्य. आणि मान मागे वळवलेल्या त्या काळ्या घोड्यापुढून माझी नात हलायला तयार नव्हती, हेही मी मूळ लेखात लिहायला हवे होते. खुरांबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.