पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही आणि थंडी सुरू झाली आहे. मदत हवी आहे

मळ्यातली_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं माहेर डोंबिवलीचं, घर रुळांना लागून. रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल जायची आणि चारनंतर परत गाड्या सुरू व्हायच्या. मधल्या वेळात मालगाड्या. डोक्यावर पंखा, तो बारा महिने पाचावर. या सगळ्यात मी लहानाची मोठी झाले आणि रोज गाढ झोपले. लग्नानंतर निफाड तालुक्यात आले. आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. चारी बाजूंनी द्राक्षबाग, शेजार हाकेच्या अंतरावर. जेवणं आटोपली की सगळं चिडीचूप.

उन्हाळा-पावसाळा निभावून जातो, कारण पंखा लागतोच. अडचण आत्ताची आहे. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा सहज दहाच्या खाली जातो, आणि खोलीत आमचं आठ महिन्यांचं बाळ आहे. पंखा लावणं शक्यच नाही. आणि पंखा बंद केला की मी टक्क जागी. पत्र्यावर पान पडलं, गोठ्यात गायीने साखळी हलवली, बाळाने नुसती कूस बदलली, की लागलेला डोळा उघडतो. दिवसभर मग अंग जड आणि चिडचिड.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. ज्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची असते, त्या आठवड्यात विहिरीवरची मोटर चालू असते. तिची एकसुरी घरघर घरापर्यंत येते आणि मला छान झोप लागते. नवरा बिचारा कांद्याला पाणी भरायला उठून जातो, तेही मला कळत नाही. म्हणजे मला वारा नको आहे, फक्त आवाज हवा आहे.

मोबाईलवर पावसाचा आवाज लावून पाहिला. मध्येच जाहिरात किंचाळते, बाळ दचकतं. एक बिनजाहिरातीचं सापडलं, पण त्यात ठराविक वेळाने एक थेंब पत्र्यावर वेगळाच वाजतो. तो एकदा कानाने पकडला की मी पुढच्या थेंबाची वाट बघत पडून राहते.

घरच्यांचं म्हणणंही समजून घ्या. आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे. रात्री कुत्री भुंकली तर उठून गोठ्यावर बॅटरी मारावी लागते. "मळ्यात रात्री कान उघडे पाहिजेत," असं नवरा म्हणतो, आणि ते खरंच आहे. सासूबाई म्हणतात, होईल सवय. पण हा लग्नानंतरचा पहिला हिवाळा नाही, आणि सवय झालेली नाही.

तर वारा न येता पंख्यासारखा आवाज कसा मिळवता येईल? त्यात बाळाचं रडणं आणि कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येईल का? आणि बाळाच्या कानांना काही अपाय तर नाही ना?

रुळांशेजारी

ताई, अगदी माझीच गोष्ट. कुर्ल्याहून वर्ध्याला बदली झाली तेव्हा पहिले काही महिने असेच गेले. लोकांना वाटतं आपण नखरे करतोय. उत्तरांवर लक्ष ठेवून आहे.

डॉ_कानोसा

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. तुमचं मोटरीचं निरीक्षण फार मोलाचं आहे, उत्तराची अर्धी वाट तिथेच आहे.

झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आवाज आत जातच असतो. मेंदूतला थॅलॅमस नावाचा भाग त्यातलं किती वर पाठवायचं हे ठरवतो. मेंदूच्या आलेखात झोपेतल्या ठराविक लहरींचे छोटे झुबके दिसतात. ज्यांच्यात ते जास्त, ते गोंगाटातही झोपून राहतात, असं २०१० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून तुमचा नवरा शांततेत घोरतो आणि तुम्ही जाग्या राहता, यात कोणाचा दोष नाही.

झोप बरेचदा मोडते ती आवाजातल्या बदलाने. अगदी शांत खोलीत साखळीचा आवाज एकदम उठून दिसतो, कारण त्याच्या खाली काहीच नसतं. मोटर चालू असली की खालची पातळीच वर येते आणि साखळी त्यात बुडते. रात्री लाईट गेली आणि पंखा थांबला की घरातली माणसं जागी होतात. तिथे आवाज वाढलेला नसतो, थांबलेला असतो.

शांततेचा त्रास होणं हा आजार नाही. १९५३ साली कान चांगले असलेल्या ८० प्रौढांना आवाज पूर्ण अडवणाऱ्या खोलीत बसवलं होतं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना आपल्याच कानात किंवा डोक्यात काहीतरी गुणगुण, शिट्टी, सूं ऐकू आलं. तुम्हालाही तसं ऐकू येतं का, ते कळवा. एकाच कानात शिट्टी वाजत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येत असेल, किंवा ऐकू कमी आल्यासारखं वाटत असेल, तर पंखा-मोबाईलचे उपाय बाजूला ठेवा आणि आधी कान तपासून घ्या.

एक मात्र स्पष्ट सांगतो. सतत आवाज लावल्याने सगळ्यांची झोप सुधारते, असा ठाम पुरावा नाही. २०२१ साली या विषयावरच्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात पुरावा कच्चाच निघाला. काहींना फायदा होतो, काहींची झोप उलट हलकी होते. तुम्हाला फायदा होतो हे मोटरीने दाखवलंच आहे, तेव्हा करून बघायला हरकत नाही. आवाज मात्र लागेल तेवढाच ठेवा, कमीत कमी.

वायरमन_काका

सूनबाई, वारा नको आणि आवाज हवा, हे सोपं आहे. टेबल फॅन घ्या. तो खोलीत ठेवूच नका. बाहेर ओसरीत किंवा मधल्या खोलीत ठेवा, तोंड भिंतीकडे, भिंतीपासून दोन हात लांब, आणि तुमच्या खोलीचं दार चार बोटं उघडं. आवाज येईल, झोत येणार नाही. अमेरिकेत १९६२ पासून झोपेसाठी एक यंत्र विकलं जातं. त्यात दुसरं काही नाही, डब्यात बंद केलेला छोटा पंखा आहे. मात्र घरच्या पंख्यावर चादर किंवा खोकं झाकून तसलं यंत्र बनवायला जाऊ नका. मोटरला हवा मिळाली नाही की ती तापते आणि जळते.

नवीन पंखा घेणार असाल तर एक ऐका. हल्लीचे बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरचे पंखे विजेला उत्तम, जुना सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो तिथे हे तीसच्या आसपास. पण तुमच्या कामाला ते फार शांत. साधा इंडक्शन मोटरचाच घ्या.

आणि छताचा पंखा एकवर ठेवून काम भागवायचं म्हणत असाल, तर काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर कमी वेगाला पंखा गुणगुणतो. तो आवाज कानाला टोचतो. स्टेपवाला कपॅसिटर रेग्युलेटर बसवला की ते जातं.

जुळ्यांची_आई

बाळाच्या कानांबद्दल मी लिहिते, कारण आम्ही आवाजाचं यंत्र परदेशातून मागवलं होतं आणि तेव्हा बरंच वाचलं होतं.

२०१४ साली बाळांसाठीची अशी १४ यंत्रं तपासली गेली. पूर्ण आवाजावर आणि एक फुटावरून मोजल्यावर त्यातली तीन ८५ डेसिबलच्या वर गेली. एवढा आवाज कारखान्यात आठ तास असेल तर कामगाराच्या कानांची काळजी घ्यावी लागते. यंत्र पाळण्याच्या कठड्याला कधीच अडकवू नये, निदान दोन मीटर लांब ठेवावं, आवाज कमी ठेवावा आणि बाळ झोपल्यावर शक्य तर बंद करावं, असा तिथला सल्ला होता. बाळाजवळ पन्नास डेसिबलच्या आत राहायचं.

मोजायला मोबाईलमधलं आवाज मोजण्याचं ॲप चालतं. अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो. मोबाईल बाळाच्या उशाशी ठेवून मोजा, तुमच्या उशाशी नाही. काकांचा ओसरीतला पंखा मला म्हणूनच पटला, अंतर आपोआप राखलं जातं.

आणि कानात इअरफोन घालून झोपू नका, बाळ शेजारी असताना तर नाहीच.

सांजवात

मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. एका सवयीसाठी दुसरं साधन आणलं की आपण त्याला बांधले जातो. उद्या माहेरी, परवा लग्नघरी, मग दवाखान्यात, कुठे कुठे पंखा नेणार? मला टीव्ही चालू असल्याशिवाय झोप यायची नाही. मी आवाज दर काही रात्रींनी एकेक घर कमी करत नेला आणि शेवटी बंद केला. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि डोळे मिटायला लागले की परत यायचं. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच. निद्रानाशावरच्या उपचारातही हेच शिकवतात.

डॉ_कानोसा

सांजवात, तुमची पद्धत योग्यच आहे. टीव्ही सुटला ते उत्तम झालं, कारण त्यात बोलणं असतं. बोलण्याकडे मेंदू लक्ष देतो, शिवाय आवाज सारखा वरखाली होतो. एकसुरी घरघर मात्र तितकी वाईट नाही. आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला रात्री उठून दुसऱ्या खोलीत बसायला सांगणं मला जड वाटतं. तिची झोप आधीच तुकड्यातुकड्यांची आहे. आधी झोप मिळू दे, सवय मोडायचं उन्हाळ्यानंतर बघता येईल.

स्टुटगार्टकर

इथे छताला पंखे नाहीत आणि हिवाळ्यात खिडक्या घट्ट बंद, त्यामुळे तुमचा त्रास ओळखीचा आहे. जाहिराती आणि तो थेंब या दोन्हींवर माझा उपाय सांगतो.

निसर्गाचे आवाज सोडा. त्यात थेंब, पक्षी, लाटा असं काहीतरी असतंच. 'ब्राउन नॉइज' नावाचा आवाज शोधा. व्हाइट नॉइजमध्ये बारीक, तीक्ष्ण आवाज भरपूर असतात, नळाच्या फवाऱ्यासारखा तो कानावर येतो. ब्राउनमध्ये वरच्या पट्टीचा आवाज झपाट्याने कमी होत जातो आणि उरते ती खोल घरघर. तुमच्या मोटरीशी जास्त जवळचा. फाइल उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका, मग जाहिरात नाही आणि फोनही वाजणार नाही. आयफोन असेल तर काहीच उतरवायला नको. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात ऑडिओ, त्यात 'बॅकग्राउंड साउंड्स' आहे, तिथला 'डार्क नॉइज' घ्या.

तुमच्या बाबतीत याचा मोठा फायदा आहे. बाळाचं रडणं आणि कुत्र्याचं भुंकणं मधल्या-वरच्या पट्टीतलं असतं. खोल घरघर त्याला फारसं झाकत नाही. व्हाइट नॉइज मोठ्याने लावला तर मात्र झाकेल. फोनच्या स्पीकरमधून खोल आवाज नीट निघत नाही, त्यासाठी बॅटरीवरचा एखादा बरा स्पीकर लागेल. लाईट गेली तरी तो चालू राहील.

पिंपळगावकर

ताई, आम्ही तुमच्याच बाजूचे, मळ्यातच राहतो. बिबट्याची धास्ती खरी आहे, ती हलक्यात घेऊ नका. अंदाजावर न राहता तपासून बघा. पंखा किंवा स्पीकर लावून दार रोजच्यासारखं ठेवून तुम्ही पडा. नवऱ्याला गोठ्याजवळ पाठवा आणि साध्या आवाजात हाक मारायला सांगा, मग साखळी वाजवायला सांगा. हाक ऐकू यायला हवी, साखळी नाही आली तरी चालेल. हाकही येत नसेल तर आवाज कमी करा. आमच्याकडे मी मोटरीच्या आवाजात झोपतो, पण कुत्र्यांचा सूर बदलला की उठतोच.

डॉ_कानोसा

पिंपळगावकर म्हणतात ते शास्त्रातही दिसलेलं आहे. झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली तर स्वतःच्या नावाला मेंदू जास्त प्रतिसाद देतो, हे १९६० मध्येच नोंदवलं गेलं. अर्थ असलेला आवाज झोपेतही वेगळा ओळखला जातो. फक्त तो कानापर्यंत पोचायला हवा, म्हणून त्यांची परीक्षा जरूर करा.

मळ्यातली_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला.

डॉक्टर, कानात शिट्टी वगैरे काही नाही. ऐकू तर नको तेवढं येतं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे जुना टेबल फॅन ओसरीत भिंतीकडे तोंड करून ठेवला. बाळाच्या उशाशी मोबाईलवर चाळीसच्या आसपास आकडा दिसतो. पिंपळगावकरांची परीक्षाही केली. दोनवर पंखा ठेवला तर गोठ्यातली हाक स्वच्छ आली, साखळी आली नाही. तीनवर हाक अर्धवट आली. म्हणून दोनवरच ठेवायचं नक्की केलं. कुत्र्यांनी परीक्षेची वाट पाहिलीच नाही, मध्यरात्री भुंकली आणि नवऱ्याआधी मी उठले. कोल्हा होता. परत येऊन पडले तर डोळा लागला, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

पहाटे लाईट गेली की मात्र जाग येतेच, त्यासाठी स्पीकर मागवणार आहे. सांजवात, तुमचा मुद्दा मनात ठेवला आहे, बाळ मोठं झालं की एकेक घर खाली येऊन बघेन.

काका, एक राहिलं. पंखा रात्री दहा ते सहा सलग चालतो. जुना आहे, काही काळजी घ्यायची का? कालपासून फिरताना मध्ये मध्ये 'टिक' असा आवाज येतोय, आणि मला आता त्या टिकचीच धास्ती वाटते.

वायरमन_काका

सलग आठ तास चालायला काही होत नाही, उन्हाळ्यात दुकानांतून दिवसभर चालतात. टिक बहुतेक जाळीच्या क्लिपची किंवा पात्याच्या नटाची असते. प्लग काढा, जाळी उघडा, नट आवळा, क्लिपांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला. पातं हाताने फिरवून बघा, जड फिरलं तर मागच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. त्यानंतरही टिक राहिली आणि वर मोटर हाताला चटका बसण्याइतकी तापत असेल, तर पंखा रात्रीचा लावू नका, आधी दुरुस्तीला टाका. वायर उंदरांनी कुरतडलेली नाही ना, तेही बघा. मळ्यातल्या घरात हे हमखास होतं.