लहानपणीची रहस्यकथा पुन्हा वाचायला घेतली आणि या वेळी खरीच भीती वाटली, असं कुणाचं झालंय का?

शेवंती
परवा माळ्यावरची ट्रंक उघडली तर फास्टर फेणेची तीन पुस्तकं निघाली. बांधणी सुटलेली, पहिल्या पानावर माझं नाव, इयत्ता पाचवी ब, आणि खाली 'हे पुस्तक ढापणाऱ्याला पाप लागेल'. मी तिथेच बसून वास घेतला आधी.
लेक नऊ वर्षांचा आहे. म्हटलं रोज रात्री एकेक प्रकरण वाचू. पहिले दोन दिवस मजा आली. तिसऱ्या रात्री बन्या, म्हणजे आपला फेणे, एकटाच बदमाशांच्या मागावर निघाला, अंधार पडलेला, बरोबर कुणी मोठं माणूस नाही, आणि माझा आवाजच फुटेना. लहानपणी याच पानांवर मी पांघरुणात पाय आखडून घेत असे, पण त्यात सुख होतं. आता पोटात गोळा आला तो वेगळा.
कारण सांगते. गेल्या गणपतीत लक्ष्मी रोडवर मिरवणूक बघताना याचा हात सुटला. चाळीस मिनिटं. ढोलताशांच्या आवाजात मी त्याचं नाव ओरडत होते आणि मलाच माझा आवाज ऐकू येत नव्हता. एका पथकातल्या मुलीने त्याला दुकानाच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं, आपलं पाणी दिलं होतं. सापडला, घरी आलो, सगळ्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी नाही.
त्या रात्री वाचता वाचता तोंडातून निघून गेलं, "अरे, पण याच्या घरी कळवलं का कुणी?" लेक म्हणतो, "आई, तो फास्टर फेणे आहे. त्याला काही होत नसतं."
तर तुमचं कुणाचं असं झालंय का? कुठलंही पुस्तक चालेल. लिहा प्लीज.

जुई
चाळीस मिनिटं!!! वाचूनच हातपाय गार पडले. त्या पथकातल्या पोरीचं भलं होवो. कुकर लावलाय, नंतर नीट लिहिते.

बोरकूट
फेणेचा ट्टॉक!

जुना पेठकर
शेवंतीताई, तुमचं वाचून लिहायला बसलो, एरवी मी नुसता वाचणारा.
१९७६ साली मी अकरा वर्षांचा होतो, सदाशिव पेठेत राहायला. रहस्यकथांचं वेड असं की वाचनालयातून रोज एक पुस्तक आणायचं आणि जेवतानाही सोडायचं नाही. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातल्या तिघांचे खून झाले आणि १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरातल्या पाच जणांचे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात एकूण दहा. कोण करतंय ते कळत नव्हतं, आणि सगळ्यात भयंकर तेच होतं. संध्याकाळी सातनंतर गल्ली रिकामी. आमच्या दाराला आधी एक कडी होती, वडिलांनी आडणा बसवून घेतला. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या तरी आई आतून दोनदा विचारायची, "कोण?" आणि आवाज ओळखीचा असला तरी पुन्हा एकदा.
त्याच आठवड्यात माझ्या हातात एक पुस्तक होतं. नाव आता आठवत नाही. प्रकरणाचा शेवट असा की मध्यरात्री दारावर थाप पडते आणि नायक दार उघडायला उठतो. मी पान उलटलंच नाही. पुस्तक तसंच परत केलं. वाचनालयातले गृहस्थ म्हणाले, "काय रे, आवडलं नाही?" त्यांना काय सांगणार. पुढची सहा-सात वर्षं मी रहस्यकथेला हात लावला नाही. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात ते खून करणाऱ्या चौघांना फाशी झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. ती बातमी वाचली त्या दिवशीही पहिल्यांदा दाराची कडी बघून आलो होतो.
आता नातवाला वाचून दाखवतो. दारावर थाप पडली की मी उठतो, कडी बघतो, येऊन बसतो, पुढे वाचतो. त्याला वाटतं आजोबा अभिनय करतात.

चाफेकळी
काका 🙏 माझी आई तेव्हा गरवारेला होती, मैत्रिणींच्या घोळक्याशिवाय घरी यायची नाही म्हणते. आज तिला हे वाचून दाखवणार आहे.

बोरकूट
काका, मी ट्टॉक टाकून पळालो, आता चुकल्यासारखं वाटतंय. फार आतून लिहिलंय तुम्ही.

जुना पेठकर
अहो, ट्टॉक पाहिजेच. त्याच्यासाठीच तर वाचत होतो.

औसेकर
माझं भुयार.
सगळ्या पुस्तकांत भुयार असतंच. किल्ल्यात, वाड्यात, देवळामागे. पोरं आत शिरतात, मागे दगड सरकतो, वाट बंद. १९९३ च्या उन्हाळ्यात असली पुस्तकं मी ढिगाने वाचली. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. आमच्या भागातली घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती, उन्हाळ्यात आत गारवा. त्याच भिंती अंगावर आल्या. आम्ही चौघं वाचलो कारण मी हट्ट करून अंगणात झोपलो होतो आणि माझ्यामुळे बाकीचेही. चुलत्याचं घर राहिलं नाही. याहून जास्त लिहिवत नाही.
वाचनालयाचं पुस्तक आत होतं. वडिलांनी आठ दिवसांनी ढिगाऱ्यातून काढून दिलं, पानापानांत माती. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा ते उघडलं, नेमकं भुयाराचं प्रकरण. दगड सरकला आणि वाट बंद झाली, एवढं वाचलं आणि श्वास लागेना.
आता मुलगी सातवीत आहे. तिला सगळं माहीत आहे. भुयार आलं की ती पुस्तक माझ्या हातातून घेते, मनात वाचते, आणि सांगते, "बाबा, आले बाहेर." मग मी पुढे मोठ्याने वाचतो.

शेवंती
औसेकर दादा, तुमच्या लेकीला माझ्याकडून एक घट्ट मिठी.

जुई
आले परत. वरची दोन्ही वाचून रडू आवरेना, आमटी खाली लागली तर लागू दे.
माझं एवढं मोठं नाही. चांदोबातलं वेताळाचं चित्र! खांद्यावर प्रेत, मागे झाडं. लहानपणी ते पान मी चिकटवून टाकलं होतं, भाताच्या शिताने. मागच्या महिन्यात जुना अंक हाती आला, पान अजून चिकटलेलंच होतं. उघडलं नाही. असू दे.

टपोरे थेंब
कुणाला फेणेचा पूर्ण संच कुठे मिळेल माहीत आहे का? भाचीची मुंज आहे, म्हणजे भाच्याची, भाचीला पण द्यायचाय.

चाफेकळी
उत्कर्ष प्रकाशनाचा आहे, वीस पुस्तकांचा. पुण्यात सहज मिळेल. आणि 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, १९७१ पासूनचे. बघा, तास कसे जातात कळत नाही.

टपोरे थेंब
देवासारख्या भेटलात.

डोंगरवाट
आम्ही जुन्नरकडचे. पुस्तकातला बिबट्या म्हणजे केवढी मौज. झाडाच्या फांदीवर डोळे चमकतात, पोरं मशाल पेटवतात, तो पळून जातो. शहरात मामाकडे राहून शिकलो, तेव्हा मित्रांना मीच अशा गोष्टी रंगवून सांगायचो.
आता गावी राहतो. ऊस उभा राहिला की बिबट्या घरामागे. माणिकडोहला निवारा केंद्र आहे, तिथले पिंजरे पोरांनी पाहिलेत, पण पिंजऱ्याबाहेरचाही पाहिलाय. रात्री लाइट असते म्हणून पाणी रात्री धरायचं, एका हातात बॅटरी, खिशात मोबाइलवर गाणी मोठ्याने. पोरगी सकाळी शाळेला एकटी जात नाही, चौघी-पाचजणी मिळून, मोठमोठ्याने बोलत.
तिला जंगलातली एक गोष्ट वाचून दाखवत होतो. डोळे चमकले इथपर्यंत आलो आणि तीच म्हणाली, "पप्पा, हे पुस्तक दिवसा वाचू." तेव्हापासून दुपारी वाचतो, पडवीत. मजा तेवढीच येते तिला. मीही दिवसा जरा बरा असतो.

ऊनपाऊस
'हे पुस्तक दिवसा वाचू' किती शहाणी मुलगी!
मी इंग्लंडात असते. एनिड ब्लायटनच्या फेमस फाइव्हवर वाढलेली. मागच्या वर्षी मुलांना घेऊन डॉर्सेटला कॉर्फ कॅसल बघायला गेलो, त्या पुस्तकांतल्या किरिन बेटावरचा किल्ला त्यावरून सुचला असं म्हणतात. वाफेच्या इंजिनाची गाडी जाते तिथे. पावसात भिजलो, चिप्स खाल्ल्या, झकास. रात्री खोलीवर १९४२ चं ते पहिलं पुस्तक वाचायला घेतलं. पोरं बेटावर एकटी, होडी वल्हवत, मोठ्यांना पत्ता नाही. इथल्या समुद्राचं पाणी किती गार असतं हे मी आता पायाने अनुभवलंय. धाकट्याला पोहता येत नाही. मी वाचताना मनात लाइफ जॅकेटं मोजत होते.
पण एक सांगू? टिमी कुत्रा आला की मला अजूनही सगळं ठीक वाटतं. आजसुद्धा.

बोरकूट
टिमी म्हटल्यावर माझा मोत्या आठवला. बारा वर्षं होता. सोसायटीतल्या सगळ्या पोरांना शाळेच्या बसपर्यंत सोडायचा. अवांतर आहे, पण लिहावंसं वाटलं.

ऊनपाऊस
अजिबात अवांतर नाही. मोत्याबद्दल वेगळा धागा काढ, आम्ही येतो.

शाळेची घंटा
मी धुळे जिल्ह्यात शिक्षिका आहे. शनिवारी शेवटच्या तासाला गोष्ट वाचायची हा माझ्या वर्गाचा रिवाज.
१ जुलै २०१८ ला आमच्या जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पार मंगळवेढ्याकडची. मोबाइलवर 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय' असे निरोप फिरत होते, तेवढ्यावरून. त्या आठवड्यात शाळेत निम्मी मुलं आली नाहीत.
पुढच्या शनिवारी मी नेहमीचं पुस्तक उघडलं. मुलं पळवणारी टोळी, आणि टोळीचा म्होरक्या कोण, तर झोळी घेऊन दारोदार फिरणारा बैरागी. मी लहानपणी हे दहा वेळा वाचलं होतं, कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी तोंड कोरडं पडलं. समोर चाळीस मुलं, त्यातल्या दोघांचे आजोबा भराडी, तसेच झोळी घेऊन फिरणारे. मला मुलं पळवली जाण्याची भीती वाटली नाही. ज्यांच्याकडे झोळी आहे त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी.
पुस्तक मिटलं. मुलांना विचारलं, "गोष्टीत झोळीवाला दिसला की आपल्याला तोच चोर का वाटतो?" एक मुलगी म्हणाली, "बाई, कारण तो आपल्या गावचा नसतो." त्या तासाला गोष्ट पुढे गेली नाही, गप्पाच झाल्या. मी अजूनही रहस्यकथा वाचते वर्गात, आवडीने. पण आधी घरी एकदा वाचून जाते, झोळी कुणाच्या खांद्यावर दिलीय ते बघायला.

जुना पेठकर
बाई, हे मला कधी सुचलं नव्हतं. आमच्या वेळच्या पुस्तकांत दाढीवाला, एकाक्ष, बैरागी, असेच असायचे. आणि १९७७ ला पकडले गेले ते कोण, तर कॉलेजातली मुलं. आमच्याच गावातली.

शेवंती
काका, हे वाचून थांबले. खरंच.

चाफेकळी
सोनार केल्ला कुणी वाचलंय का? सत्यजित रायांच्या गुप्तहेर फेलूदाची गोष्ट. मी पुतण्याला वाचून दाखवलं. मुकुल नावाच्या पोराला पूर्वजन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो आणि त्याला राजस्थानात नेतात. कॉलेजात असताना मला फक्त उंट आणि जैसलमेर दिसलं होतं. आता मुकुलच्या वडिलांपाशी अडकले. त्यांचं कोलकात्यात पुस्तकांचं दुकान, आणि पोरगा तिकडे लांब. त्यातून गल्लीतला दुसराच मुलगा पळवून नेऊन परत सोडलेला, म्हणजे चुकून त्याला नेलं होतं, हे कळल्यावर त्या बापाला रात्री झोप कशी लागली असेल? भाऊ-वहिनी दोघं दुबईला असतात, पुतण्या आमच्याकडे. त्याने विचारलं, "आत्या, मुकुलचे बाबा फोन का नाही करत?" मी म्हटलं, तेव्हा ट्रंककॉल लावावा लागायचा. मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवून त्याच्या बाबांना फोन लावला.

जुई
अगं 😭

टपोरे थेंब
मुंजीला फेलूदा पण देते मग.

डोंगरवाट
फुरसुंगीहून कुणी आहे का इथे? फेणे मूळचा फुरसुंगीचा ना. आमच्या पोरीला ते गाव बघायचंय.

बोरकूट
मी हडपसरला. या कधीही, नेतो. आता खूप बदललंय, फुरसुंगी म्हटलं की लोकांना आधी कचरा डेपो आठवतो. पण गाव आहे अजून. सायकलवर जाऊ, पोरीला सांगा.

शेवंती
काल रात्रीचं सांगते आणि झोपते. तेच प्रकरण पुन्हा उघडलं. लेकाला खरं सांगितलं की मला गणपतीतलं आठवतं आणि भीती वाटते. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आई, मला पण." इतके महिने मला वाटत होतं तो विसरला. मग त्याने सांगितलं की त्या पायरीवर बसून तो ढोलाचे ठोके मोजत होता, चारशेपर्यंत पोचला होता. मला हे काहीच माहीत नव्हतं.
प्रकरण त्याने वाचलं, मी ऐकलं. पुढचं शुक्रवारी. डोंगरवाट दादा, फुरसुंगीला आम्हीही येऊ का?

डोंगरवाट
या की ताई. रविवारी जमतंय का बघा. आम्ही पहाटे निघू, बरोबर शेंगा आणतो.