व्हीलचेअरवरची नर्तकी दर वेळी मधोमधच येते, काय करू? – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कंटेम्पररी शिकवते. सध्या सहा जणांचं बारा मिनिटांचं नृत्य बसवतेय. त्यातली एक जण हाताने चालवायची व्हीलचेअर वापरते. मणक्याच्या दुखापतीमुळे पायांत हालचाल नाही, पण हात आणि खांदे असे बोलतात की बघत राहावं. अडचण माझी आहे. काहीही बसवायला घेतलं की दहा मिनिटांत ती मधोमध आणि बाकीचे पाच तिच्याभोवती! परवा तालमीनंतर हसत म्हणाली, "ताई, मखरातच बसवलंत की मला." हसले मी, पण रात्री झोप लागली नाही.

दुसरं म्हणजे, एका तुकड्यात सगळे जमिनीवर लोळत जाऊन खांद्यावरून उलटून उभे राहतात. तिला मी त्याचीच हातांची आवृत्ती दिली. गाणं सोडून नुसता ठेका धरल्यासारखी दिसते. आणि मुलं उत्साहात तिची खुर्ची ढकलतात, ते चालतं का? तिला विचारलं तर "चालेल" म्हणते, पण चेहरा वेगळं सांगतो.

– गिरकी

चाकांवरची:
खुर्ची ढकलण्याचं आधी. माझ्यासाठी खुर्ची म्हणजे माझं अंगच. न विचारता ढकलणं म्हणजे न विचारता कमरेला धरून उचलणं. कुठे धरायचं, कधी सोडायचं हे तिने ठरवायचं, आणि तेही बसवतानाच. सगळ्यांसमोर विचारलंत तर कुणीही "चालेल"च म्हणणार.

आता लोळणं. त्यातून तुम्हाला हवंय काय? खाली जाऊन वर येणं, की तोल सुटणं? तोल हवा असेल तर पुढची छोटी चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर तोलून धरता येतं. मागे अँटी-टिपर (खुर्ची मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं) लावले असतील तर ते अडवतील. काढले तर सराव होईपर्यंत मागे माणूस हवाच. खाली जाणं हवं असेल तर तिला खुर्चीतून उतरायचंय का, ते विचारा.

आणि एक गंमत करून बघा. तिला दोन जोरदार ढकल मारून हात सोडायला सांगा. खुर्ची आवाज न करता, जवळजवळ एकाच वेगात पुढे जात राहते आणि वर हात मोकळे. तुमच्या पायवाल्या पाचांना हे या जन्मात जमायचं नाही! तिच्याकडून त्यांनी काय उचलावं, असा विचार का नाही करत? पायठेवणीपासून मात्र जपा, घोट्यावर बसली की ब्रह्मांड आठवतं.

विंगेतला:
वर म्हटलंय त्याला इतिहासही आहे. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी 1972 मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं. त्यात ठरलेल्या स्टेप्स नसतात, दोघांमधलं वजन आणि स्पर्श जिकडे नेईल तिकडे जायचं. त्यामुळे शरीर कसं असावं ही अट आपोआप सैल झाली. ब्रिटिश नर्तकी सेलेस्ट डँडेकर 1973 मध्ये रंगमंचावर नाचतानाच पडल्या आणि मणक्याला इजा झाली. त्यांनी ॲडम बेंजामिन यांच्यासोबत 1991 मध्ये ब्रिटनमध्ये 'कँडोको' ही अपंग आणि अपंग नसलेल्या नर्तकांची नृत्यसंस्था काढली. तिथले डेव्हिड टूल यांना पाय नव्हते, ते हातांवर चालत नाचायचे. त्यांच्या चित्रफिती सगळ्या गटाला दाखवा, एकट्या तिला नको.

हाडवैद्य नाही, फिजिओ:
जमिनीवर उतरवणार असाल तर संवेदना नसलेल्या भागाची कातडी तालमीनंतर बघायला सांगा. घासलेलं तिला कळणार नाही. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम फुटणं याला थकवा समजू नका. रक्तदाब झपाट्याने चढतो. ताठ बसवा, पट्टे-कपडे सैल करा, कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर ती दुमडलीय का बघा, आणि तातडीने डॉक्टर. तिला स्वतःला हे बहुधा तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी गटातल्या एकाला तरी माहीत असू दे.

गिरकी:
सगळ्यांचे आभार. आज घसरत जाण्याचा प्रयोग केला. ती उजव्या विंगेतून सुटली, हात सोडले, आणि पाचही जण तिच्यामागे धावत सुटले. आठ मात्रांत तिला गाठणं कुणालाच जमेना. लोळायचा तुकडा काढून टाकला. आता नवा प्रश्न: चाकांचा वेग आठात बसत नाही. मोजणी सोडून देऊ की तिला मोजायला देऊ?

चाकांवरची:
तिला द्या. आणि तिने तोंडाने आकडे मोजायचे नाहीत, श्वास सोडला की बाकीच्यांनी निघायचं.