मुझेनबर्ग: नुसतं पोहता येऊन भागत नाही

कृष्णेत पोहणाऱ्याला केपटाउनजवळ सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणं, जमेल का, असं विचारलंय तुम्ही. मीही सांगलीचाच, पाठीला डबा बांधून घाटावर शिकलेला. तिथल्या मुझेनबर्गच्या समुद्रकिनाऱ्यावर पहिल्याच लाटेनं नाकात मीठ भरलं! पण नवख्याला जागा झकास. तळ वाळूचा, उतार मंद, लाट लांबून सावकाश फुटत येते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सराव होतो. फळी लांब, मऊ फोमचीच घ्या. झेंड्यांवर मात्र लक्ष हवं. पांढऱ्यावर काळा शार्क काढलेला झेंडा फडकला, भोंगा वाजला, म्हणजे शार्क दिसलाय; लगेच बाहेर. (आपल्याकडे मगरींसाठी भोंगा कुठला!) पाणी गार असतं, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) लागतोच. कोरड्या अंगानं घाला. ओल्या अंगावर चढवताना माझी गुडघ्यापाशीच दहा मिनिटं गेली.