मोटर थेट पिनला नको

जुन्या टीव्ही गेमच्या कंट्रोलरमध्ये हादरा देणारी मोटर बसवलीत आणि बटण दाबलं की मायक्रोकंट्रोलर (मोटर चालवणारी छोटी प्रोग्रामेबल चिप) रीसेट होतो म्हणताय, पण मोटर थेट चिपच्या पिनला जोडल्यावर दुसरं काय होणार! मोबाईलमधली चपटी मोटरसुद्धा ८०-१०० मिलिअँपिअर खाते, पिन देते जेमतेम २०-४०. मध्ये ट्रान्झिस्टर (पिनच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा स्विच) टाका, मोटरला उलटा डायोड लावा, म्हणजे मोटर बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका त्यातच जिरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही सुटे मिळतात, चहाच्या पैशात.

खरी गोची पुढे आहे. एनईएसच्या (निन्टेंडोचा जुना टीव्ही गेम) कंट्रोलरमधली ४०२१ शिफ्ट रजिस्टर ही चिप कोणती बटणं दाबली एवढंच कन्सोलला, म्हणजे गेमच्या मुख्य डब्याला, कळवते. 'मार बसला' असं कन्सोलकडून उलट काहीच येत नाही. (आपल्याकडच्या नकली टीव्ही गेममध्ये सुट्या चिपऐवजी काळ्या ठिपक्याखाली झाकलेली चिप, काम तेच.) म्हणजे हादरा मिळणार तो बटण दाबून गोळी झाडल्यावरच. मला तेवढाही चालतो. मोटर मात्र हॉट ग्लूने घट्ट बसवा, नाहीतर मिक्सरसारखा खडखडाट.