धंदा सोडायचा आहे, हातात पाच वर्षं आहेत. पैशाची तयारी कशी करावी?

पेठेतली_साथी

एका ताईंसाठी विचारतेय. वय 35, पुण्यात बुधवार पेठेत देहविक्रय करतात. घरवालीचा, म्हणजे कोठा चालवणारीचा, निम्मा वाटा गेल्यावर महिन्याला 20-22 हजार हातात पडतात, मंदीच्या महिन्यात 14 सुद्धा. मुलगी 8 वर्षांची, वसतिगृहात. सावकाराचे 60 हजार अंगावर, शेकडा पाचने, आणि सध्या फक्त व्याजच जातंय. दीड तोळा सोनं आहे. जनधन खातं आहे, पण आधारला मोबाईल नंबर त्यांच्या माणसाचा. चाळिशीत धंदा बंद करून हडपसरच्या पुढे खोली घ्यायची आणि डबे करायचे, असं मनात आहे. किती रक्कम लागेल, कुठे ठेवावी, सुरुवात कशापासून करावी? "बचत करा" एवढंच नको, आकड्यांत सांगा.

हिशेबाची_वही

बचत नंतर. आधी सावकार. 60 हजारांवर शेकडा पाच म्हणजे दरमहा 3 हजार, वर्षाला 36 हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. हे चालू असताना कुठल्याही योजनेत पैसे टाकणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं.

दीड तोळ्यावर सरकारी बँकेतून सोनेतारण कर्ज घ्या. 60 हजारांना आजच्या भावाने तोळाभर पुरतं. व्याज साधारण 9-10 टक्के, तेही वर्षाचं, म्हणजे महिन्याला 500 च्या आसपास. सावकाराला जाणारे 3 हजार ताईंनी तसेच बाजूला काढून बँकेत भरत राहिलं, तर दोन वर्षांच्या आत सोनं परत घरात. कर्ज बहुतेक ठिकाणी 12 महिन्यांचं असतं, त्यामुळे वर्ष संपताना व्याज भरून नूतनीकरण करायला विसरायचं नाही. विसरलं की दागिना लिलावात जातो. आणि पावतीवर वजन "निव्वळ" किती लिहिलंय ते तिथेच बघा. खडे आणि आत भरलेली लाख (राळ) वजा करून जे उरतं ते.

सावकाराचे पैसे फेडताना एकटीने जाऊ नये. उचल घेताना बहुतेकींनी कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही किंवा अंगठा दिलेला असतो. तो कागद हातात पडल्याशिवाय शेवटची रक्कम द्यायची नाही. "नंतर फाडून टाकतो" हे उत्तर घेऊन परत यायचं नाही. परवाना नसलेली सावकारी महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे होते. पण आधी फेड, कागद ताब्यात, मग लागली तर तक्रार.

आता किती लागेल ते. सोडल्यावरचा महिना मांडू: खोली 6 हजार, खाणं 5, मुलीचं 2.5, गावी पाठवायचे 3, वीज-गॅस-फोन-औषधं 1.5. झाले 18 हजार. डब्यांतून पहिल्या वर्षी सरासरी 11 हजार सुटतील असं धरलं तर तूट 7 हजार, वर्षाची 84 हजार. खोलीचं डिपॉझिट 25, भांडी-शेगडी 20. अडीनडीला तीन महिन्यांचा खर्च 54 हजार. बेरीज 1 लाख 83 हजार. हा आकडा गाठल्याशिवाय तारीख ठरवू नका. बाई परत येते ती बहुतेक वेळा या पहिल्या वर्षाच्या तुटीमुळे, मन बदललं म्हणून नव्हे.

पोस्टाच्या आवर्ती ठेवीत दरमहा 3 हजार, पाच वर्षं, 6.7 टक्क्यांनी जवळपास 2 लाख 14 हजार होतात. नवीन खात्यांचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, उघडतानाचा मात्र शेवटपर्यंत टिकतो. महत्त्वाचं म्हणजे 3 हजारांचं एक खातं उघडू नका, हजार-हजाराची तीन उघडा. अडचण आली तर एक मोडेल, दोन चालू राहतील. तीन वर्षांआधी मोडता येत नाही आणि त्यानंतर मोडलं तर व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे 4 टक्केच मिळतं. मात्र वर्षभर हप्ते नियमित भरले असतील तर शिलकेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, मोडण्यापेक्षा ते बरं. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड. चार हप्ते थकले की खातं बंद पडतं, पुढच्या दोन महिन्यांत चालू करून घ्यावं लागतं. चांगल्या महिन्यात पुढचे हप्ते आगाऊ भरून ठेवता येतात. मंदीवर तोच उपाय.

कायदा_कट्टा

वरचं सगळं बरोबर, पण एक काम त्याच्याही आधीचं: मोबाईल नंबर. आधारला माणसाचा नंबर असेल तर ओटीपी त्याच्या हातात, म्हणजे खातंही त्याच्याच हातात. आधार केंद्रावर बोटांचा ठसा देऊन नंबर बदलून मिळतो, वेगळी कागदपत्रं लागत नाहीत. नवं सिम ताईंच्याच नावावर हवं. मग तोच नंबर बँकेत लेखी अर्ज देऊन बदलायचा, कारण आधारला बदलला म्हणून बँकेत आपोआप बदलत नाही. एटीएमचा पिनही त्याच दिवशी बदला. हे सगळं एका फेरीत उरका, अधेमधे सोडलं की घरी कळतं आणि दबाव येतो.

पैसे माणसाच्या, भावाच्या किंवा घरवालीच्या नावावर ठेवू नयेत. परत न मिळण्याचा धोका आहेच, शिवाय 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 4 खाली दुसऱ्याच्या धंद्याच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी 18 वर्षांवरील व्यक्ती गुन्हेगार ठरू शकते. सज्ञान मुलगासुद्धा त्यात अडकू शकतो. संयुक्त खातंही नको, वारस म्हणून मुलीचं नाव लावा. ती अज्ञान असल्याने तिच्या वतीने पैसे घेणारी सज्ञान व्यक्ती नेमावी लागेल, ती विचार करून निवडा.

मुलगी 8 ची आहे, तर सुकन्या समृद्धी दहा पूर्ण होण्याआधीच उघडता येईल. वर्षाला किमान 250 रुपये, आई पालक म्हणून चालते. जन्मदाखला लागतो. वडिलांच्या नावावरून कोणी अडवलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालाचा आधार घ्या, अविवाहित आईला वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती नाही. मात्र हे पैसे मुलीचे. धंदा सोडण्याच्या रकमेत ते मोजू नका, 18 वर्षं किंवा दहावी होईपर्यंत हात लावता येत नाही.

पेठेतली_साथी

नंबरचं याच आठवड्यात करते. अजून दोन शंका. गल्लीत पिग्मीवाला रोज येतो, तिथे रोज 100 टाकले तर? आणि ताईंच्या शेजारणीकडे काहीच कागद नाहीत, तिने काय करायचं?

हिशेबाची_वही

पिग्मी वाईट नाही. रोज हातात रोकड येते आणि रोजच संपते, तिथे दारात येणारा माणूस उपयोगी पडतो. फक्त तो बँकेचा आहे की पतसंस्थेचा हे विचारा. सहकारी बँक असली तरी 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नाही. दिलेल्या रकमेची पावती किंवा मेसेज त्याच क्षणी आला पाहिजे, "उद्या एकदम लिहितो" चालणार नाही. वर्षाच्या आत मोडल्यास व्याज सोडाच, बहुतेक ठिकाणी कमिशनही कापून घेतात. म्हणून पिग्मीला साठवण मानू नका, वर्षभर पैसे गोळा करायची पेटी माना. वर्ष भरलं की तिथून पोस्टात. खोलीत गादीखाली रोकड ठेवू नका. छापा पडला की तिचा हिशेब कोणीच देत नाही.

जनधनवरूनच 436 रुपयांचा जीवन ज्योती आणि 20 रुपयांचा सुरक्षा विमा चालू करा, दोन्ही 2-2 लाखांचे. मे अखेरीला खात्यात तेवढे पैसे असले पाहिजेत, नाहीतर संरक्षण तुटतं. अटल पेन्शन चाळिशीनंतर घेताच येत नाही. 35 व्या वर्षी 3 हजारांच्या पेन्शनला महिना 543 आणि 5 हजारांच्या पेन्शनला 902 रुपये पडतात. सावकार फिटला की 543 चं घ्या.

कायदा_कट्टा

शेजारणीसाठी: 19 मे 2022 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने राहण्याचा पुरावा नसलेल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांना आधार द्यायला सांगितलं आहे. नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रकल्प संचालकांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. वस्तीत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या तुमच्या लक्ष्यगट प्रकल्पातूनच अर्ज पुढे जाईल. व्यवसायाची ओळख कुठेही उघड करायची नाही, हेही त्याच आदेशात आहे. तोवर बँकेत कागदांशिवाय "लहान खातं" उघडतं, पण शिल्लक 50 हजारांपर्यंतच आणि महिन्याला 10 हजारच काढता येतात.

चूल_आणि_चलन

डब्यांबद्दल. सोडल्यावर सुरू करू नका, दीड-दोन वर्षं आधी पाच-सहा डब्यांनी सुरू करा, पेठेबाहेर एखाद्या ओळखीच्या स्वयंपाकघरातून. एक वेळचा डबा 70 रुपयांचा धरला तर जिन्नस, गॅस आणि पोचवणं मिळून 42-45 जातात, 25 सुटतात. महिन्याचे 26 दिवस धरून 17 डब्यांना 11 हजार होतात, म्हणजे वरच्या हिशेबातला आकडा 17 कायम गिऱ्हाइकांवर उभा आहे. हा धंदा बुडतो उधारीने. पंधरवड्याचे पैसे आगाऊ घ्यायचे, विद्यार्थी असतील तर नक्कीच. दिवाळी-मे महिन्यात वसतिगृहं रिकामी होतात तेव्हा नोकरदार गिऱ्हाईक हवं. अन्नसुरक्षा नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, उद्यम नोंदणी फुकट. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, व्यावसायिक सिलिंडरचा खर्च पहिल्यापासून धरा.

संजय गांधी निराधार योजनेत वेश्याव्यवसायातून मुक्त झालेल्या महिलांचा प्रवर्ग आहे, महिन्याला 1,500. पण राज्यात 15 वर्षं वास्तव्य आणि उत्पन्नाचा दाखला मागतात. अर्ज तहसीलला करा, मंजूर होईपर्यंत हिशेबात धरू नका.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीचे उपचार, चालू असेल तर जागा बदलण्याआधी केंद्रातून बदलीचं पत्र आणि पुरेशा गोळ्या घ्या, मग नव्या केंद्रात नोंद करा. ही औषधं सरकारी केंद्रात मोफत असतात, त्यामुळे खर्चाच्या यादीत फक्त प्रवासाचं भाडं धरा.

पेठेतली_साथी

सोनेतारणाला बँकेत जाताना आधारशिवाय काय न्यायचं?

हिशेबाची_वही

आधार, असेल तर पॅन, दोन फोटो. दागिना स्वतःचा आहे असं लिहून घेतात, बिल असेल तर न्या. खातं ज्या शाखेत आहे तिथेच आधी विचारा, सकाळी जा. सोनं तपासणारा पूर्णवेळ नसतो, तो कधी येतो ते फोनवर विचारून घ्या. मूल्यांकनाचे पैसे वेगळे घेतात, तेही विचारा. आणि सावकाराची रक्कम रोखीत द्यावी लागणार असेल तर कर्जाचे पैसे त्याच दिवशी काढा, खात्यात पडून राहू देऊ नका.